नंबरप्लेट वाचता आली, पण उसाची ट्रॉली दिसली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीचा निवृत्त चालक आहे. वय ७६. स्टिअरिंगवर ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण मार्गावर, म्हणजे कुंभार्ली घाटात. २००७ साली निवृत्त झालो. आजही आठवड्यातून दोनदा तरी गाडी काढतो. दिवाळीच्या आधी माझ्या परवान्याचं नूतनीकरण झालं. ते ज्या रीतीने झालं, ती गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी गाडी का लागते ते सांगतो. माझ्या पत्नीचं मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. दवाखाना तालुक्याला, आमच्या वाडीपासून १८ किलोमीटर. सकाळी सातला मशीनवर घेतात, चार तास लागतात. पहिली एसटी आमच्या फाट्यावर सव्वासातला येते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मी तर एसटीचाच माणूस, पण ती वेळ आम्हाला उपयोगी पडत नाही. शिवाय डायलिसिस झाल्यावर तिच्या अंगात त्राण राहत नाही, स्टँडवर तासभर बसवत नाही. मुलगा पुण्याला, मुलगी इचलकरंजीला. दर वेळी भाड्याची जीप करणं पेन्शनीत बसत नाही. म्हणून आमची जुनी छोटी गाडी आणि मी.

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा मी तालुक्यातल्या एका ऑनलाइन कामांच्या दुकानात गेलो. आधारला मुलाचा मोबाइल जोडलेला, त्यामुळे ओटीपी पुण्याला जायचा. तो मीटिंगमध्ये असला की मुदत संपायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला जमलं. सरकारी शुल्क नूतनीकरणाचे २०० आणि कार्डाचे २०० रुपये. दुकानदाराने १,२०० सांगितले आणि म्हणाला, "काका, यात डॉक्टर पण आले." पैशांबद्दल माझी तक्रार नाही. त्याने चार वेळा माणूस बसवून काम केलं. डॉक्टर त्यात कसे आले, हे मात्र मला तेव्हा कळलं नाही.

चाळिशीनंतर परवान्याला डॉक्टरचा दाखला लागतो, त्याला फॉर्म एक-अ म्हणतात. त्यात डॉक्टरांनी आपल्या मताने लिहायचं असतं: अर्जदाराला लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का, फिट किंवा चक्कर येते का, आणि चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का. पंचवीस मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एसटी गाड्या आणि वर दोन-तीन पावलं. डेपोत आयुष्य गेल्यामुळे हे अंतर माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं.

दुकानदाराने ज्या दवाखान्यात पाठवलं तिथे बाहेर पंचवीस-तीस पेशंट होते. डॉक्टरांनी मला लगेच आत घेतलं, वयाचा मान म्हणून. रक्तगट विचारला. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही एसटीत होता ना? मग तुम्हाला काय तपासायचं!" आणि झालं. अक्षरांचा तक्ता भिंतीवर होता, पण माझ्या पाठीमागे. मला त्याच्याकडे तोंड करून बसवलंसुद्धा नाही. मीच म्हणालो, "साहेब, एकदा डोळे बघता का?" ते हसून म्हणाले, "चालत आलात, वाचता येतंय, ठीक आहात." त्यांनी हे आदरानेच केलं, यात मला शंका नाही. पंधरा दिवसांत कार्ड पोस्टाने घरी आलं. पुढची पाच वर्षं, म्हणजे वयाच्या एक्क्याऐंशीपर्यंत, मी कोणत्याही वेळी, कोणत्याही रस्त्यावर, कितीही लांब गाडी चालवू शकतो असं ते कार्ड सांगतं.

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी दवाखान्यातलं एक मशीन बंद पडलं. पत्नीचा नंबर दुपारी लागला आणि निघायला साडेसहा वाजले. बाहेर काळोख. गळीत हंगाम सुरू होता. आमच्या भागातल्या वाचकांना त्या दिवसांतला रस्ता सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर रस्त्याच्या मधापर्यंत आलेला ऊस, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मी चाळीसच्या वेगाने येत होतो. समोरून एक मोटरसायकल आली, तिला तो पांढराशुभ्र एलईडी दिवा. मी डिपर दिला, त्याने काही खाली घेतला नाही. तो शेजारून गेला आणि मला काहीच दिसेना. पूर्वी घाटात रात्रभर समोरून ट्रक यायचे, डोळा पापणी मिटायच्या आत सावरायचा. त्या दिवशी तो सावरायला निदान दोन सेकंद लागले असावेत. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. म्हणजे वीस-बावीस मीटर मी आंधळा चाललो होतो. नजर आली तेव्हा समोर डाव्या अंगाला बंद पडलेली ट्रॉली होती आणि उसाची टोकं काचेसमोर. ब्रेक लागला. गाडी थांबली तेव्हा दोन वाढे बॉनेटवर टेकले होते. पत्नी शेजारच्या सीटवर होती. तिच्या हाताला डायलिसिसची पट्टी होती आणि तो हात तिने डॅशबोर्डवर आपटून धरला होता. ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला घेऊन मी शाळेच्या मैदानावर गेलो. टेपने २५ मीटर मोजले, गाडी तिथे उभी केली. चष्मा लावून नंबरप्लेट वाचली. सगळी बरोबर. मग तो शेजाऱ्यांची मोटरसायकल घेऊन आला, तिची छोटी पाटी, तीही वाचली. याचा अर्थ असा की डॉक्टरांनी तो फॉर्म मन लावून भरला असता तरी नंबरप्लेटच्या प्रश्नात मी पासच झालो असतो. हे मला खूप लागलं. डॉक्टरांवर सगळा बोल ठेवून मोकळं होता येत नाही.

त्याच आठवड्यात मी सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात गेलो. तिथल्या बाईंनी दीड तास घालवला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला. तो असला की समोरचा प्रकाश डोळ्यात फाकतो आणि दिव्याभोवती धुकं पसरतं, असं त्या म्हणाल्या. वयाने बाहुलीही अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही. पण खरा धक्का डाव्या डोळ्याचा होता. डोळ्याचा दाब वाढलेला, काचबिंदू. एका यंत्रात डोकं ठेवून, बारीक दिवे दिसले की बटण दाबायचं, अशी दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली. कागदावर डाव्या डोळ्याच्या कडेला काळा डाग उमटला. मला आजवर तो कधीच जाणवला नव्हता. बाई म्हणाल्या, काचबिंदू दुखत नाही, एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांनी राखता येते. आता रोज थेंब घालतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे.

डेपोतली एक आठवण इथे सांगितलीच पाहिजे. एसटीत चालकांचे डोळे वेळोवेळी तपासत. आमच्या डेपोत माझ्याहून सीनियर एक चालक होते, गाडीवर हात असा की प्रवासी त्यांची ड्युटी विचारून तिकीट काढायचे. एके दिवशी त्यांनी स्वतः आगार व्यवस्थापकांना जाऊन सांगितलं, साहेब, मला रात्रीची फेरी देऊ नका, समोरचे दिवे डोळ्यात भरतात. तपासणी झाली, पुढे त्यांना स्टिअरिंगवरून काढून वर्कशॉपमध्ये हलकं काम दिलं. आम्हा तरुण चालकांना वाटलं, यांची इज्जत गेली. आज समजतं की त्यांनी किती मोठं काम केलं. पण डेपोकडे द्यायला दुसरी ड्युटी होती, म्हणून ते बोलू शकले. माझ्यासारख्या खासगी गाडीवाल्या म्हाताऱ्याने हेच कोणाला सांगायचं? सांगितलं तर परवाना जाईल, आणि मंगळवार-शुक्रवारचं काय? म्हणून लोक गप्प बसतात. माझ्या ओळखीचे तिघे जण संध्याकाळी नीट दिसत नसतानाही चालवतात, आणि तिघांच्याही कार्डावर पाच वर्षांचा शिक्का आहे.

आपल्या कायद्यात खासगी वाहन चालवायला वयाची वरची मर्यादा नाही. ती आणावी असं मी मुळीच म्हणणार नाही. ऐंशीचे काही जण पंचविशीतल्या पोरांपेक्षा सांभाळून चालवतात, हे मी रोज बघतो. मला पाहिजे ती एक खरी तपासणी, आणि तपासणीत उणीव निघाली तर परवाना पूर्ण काढून घेण्याच्या अलीकडचा एक टप्पा: फक्त सूर्योदय ते सूर्यास्त, आणि घरापासून ठरावीक अंतरापर्यंत. अपंग व्यक्तीला तिच्यासाठी बदल केलेल्या वाहनापुरता परवाना आपला कायदा आधीच देतो, म्हणजे माणसाच्या ताकदीप्रमाणे परवाना बेतण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. माझा पुतण्या सिडनीत असतो. त्यांच्या न्यू साउथ वेल्स राज्यात पंचाहत्तरीनंतर दर वर्षी डॉक्टरची तपासणी आहे. पंच्याऐंशीनंतर रस्त्यावरची परीक्षा द्यायची, नाहीतर आपल्या भागापुरता मर्यादित परवाना घ्यायचा. त्याच्या शेजारचे आजोबा असाच परवाना घेऊन बाजारात आणि दवाखान्यात जातात. मला असा परवाना मिळाला असता तर मी आनंदाने सही केली असती, कारण माझी गरज सकाळचीच आहे.

यासाठी नवं खातं उघडायला नको. परिवहन कार्यालयाचं शिबिर तालुक्याला महिन्यातून ठरलेल्या दिवशी भरतं. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. ही दोन माणसं एका दिवशी एका जागी आणता येतील. सत्तरीच्या पुढच्यांनी त्याच दिवशी यायचं. अक्षरांचा तक्ता, डोळ्याचा दाब, आणि बोटं हलवून कडेची नजर बघणं, एवढं एका माणसामागे दहा-पंधरा मिनिटांत होतं. शंका आली तरच पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवावं. दाखल्यावर डॉक्टरांचं नाव असतंच, त्याच्यासोबत कोणती तपासणी केली आणि आकडा काय आला हेही लिहिणं सक्तीचं करावं. नुसती 'होय-नाही' अशी खूण करायला हात लगेच जातो. आकडा लिहायचा म्हटलं की तक्त्याकडे तोंड करून बसवावंच लागेल.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी दोन गोष्टी, कारण यात पुष्कळ जण फसतात. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत असायची, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. संपलेल्या परवान्यावर एक दिवसही गाडी काढायची नाही. दंड ५,००० रुपये आहे आणि अपघात झाला तर विम्याचे हाल होतात. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा. आमच्या गावातल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांनी चौदा महिने लावले, आता त्यांना आठच्या आकड्यावर स्कूटर फिरवून दाखवायची आहे. आणि परवान्याच्या आधी, कोणी सांगो न सांगो, स्वतः जाऊन डोळ्यांचा दाब तपासून घ्या.

मी सूर्य मावळल्यावर गाडी काढत नाही. मशीन बंद पडून उशीर झाला तर त्या रात्री आम्ही तालुक्याला मेहुण्यांकडे मुक्काम करतो आणि सकाळी निघतो. दवाखान्याला विनंती केली आहे की पत्नीचा नंबर सकाळचाच ठेवावा, आणि त्यांनी ती मान्य केली. माझ्या कार्डावर यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. गाव लहान आहे, नाव आलं की त्या डॉक्टरांचंही कळेल, आणि ते रात्री दोन वाजता उठून येणारे डॉक्टर आहेत.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
सातारा जिल्हा