आई-बाबा, एक पातेलं घेवडा शिजवून बघा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "दोघांसाठी काय वेगळं करायचं? खिचडी टाकते." तेव्हापासून ते मनात घोळतंय. रोज रात्री खिचडी-पापड मला पटत नाही. बाबांना डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितलीत, त्यात त्यांना कडक काही चावत नाही. म्हणून इथलं एक जेवण लिहून पाठवते. एकदा शिजवलं की दोन-तीन दिवस पुरतं, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतं.

इथं अमेरिकेत आमच्या चॅटनूगा शहरापासून पूर्व टेनेसीच्या डोंगरांत कुठंही जा, घरोघरी हे शिजतं. पिंटो बीन्स, डुकराच्या पायाचा धुरी दिलेला एक तुकडा, म्हणजे हॅम, आणि बरोबर मक्याचा पाव, म्हणजे कॉर्नब्रेड. फ्रिज नव्हते त्या काळात थंडी पडली की डुक्कर कापायचे, मांस मिठात मुरवून धुरावर टांगायचे. शेंगा वाळवलेल्या, मका दळून आणलेला. बर्फात वाट बंद झाली तरी या तिन्ही वस्तू घरात असायच्या. गरिबीचं जेवण खरं, पण आजही लोक ते मानानं वाढतात. शेजारच्या आजी एकट्याच राहतात, ऐंशीच्या पुढच्या आहेत, तरी आठवड्याला एक पातेलं चढवतातच. वर कच्चा कांदा आणि कोबी-हिरव्या टोमॅटोचं आंबटगोड लोणचं घेतात. मी त्यांच्याकडूनच शिकले.

बाबा, पिंटो म्हणजे आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचा सख्खा भाऊ. दोन्ही मूळची अमेरिका खंडातली एकाच जातीची पिकं, दोघांच्याही अंगावर रेघा-ठिपके. वाघ्याला तर भौगोलिक मानांकन आहे, तुम्हाला पिंटो शोधत बसायला नको. फक्त नव्या पिकाचा घ्या. जुना घेवडा कितीही शिजवला तरी कडकच राहतो.

पाव किलो रात्री भिजत घालायचा, सकाळी ते पाणी फेकायचं. नवं पाणी घेवड्याच्या वर तीन बोटं येईल इतकं घालून आधी दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळायचं. हे टाळू नका, कच्च्या घेवड्यात पोटाला बाधणारा अंश असतो आणि तो मंद आचेवर जात नाही. मग कांदा, लसूण, मिरी घालून मंद आचेवर दोन तास. आई, तू कुकर लावलास तरी चालेल. टोमॅटो किंवा चिंच घालायची असेल तर शेवटी, आंबटात घेवडा लवकर मऊ होत नाही. मीठही शेवटी. इथं हॅम मुळातच खारट असतो म्हणून थांबतात, आपल्याकडे बाबांच्या रक्तदाबासाठी थांबायचं.

आई, तुझ्या स्वयंपाकघरात हॅम येणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याचं अडणारही नाही. हॅमच्या हाडाची या पातेल्यात दोन कामं असतात: धुराचा वास, आणि हाडा-कातड्यातून सुटणारा चिकट दाटपणा. दाटपणासाठी दोन डाव शिजलेला घेवडा ठेचून परत त्यातच घाल. धुरासाठी वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोड आणि पाच मिनिटं झाकण लाव. मी इथं शाकाहारी मैत्रिणींसाठी असंच करते, आणि मला ते हॅमइतकंच आवडतं.

आता पाव. दोन वाट्या जाडसर, रवाळ दळलेला मका, एक अंडं, दीड वाटी घुसळलेलं दही, अर्धा चमचा सोडा, मीठ. आई, तुला अंडं नको असेल तर दही थोडं वाढव, पाव जरा भुसभुशीत होईल इतकंच. इथल्या जुन्या बायका त्यात साखर घालू देत नाहीत आणि माझंही मत तेच आहे. खरी मेख बिडाच्या कढईत आहे. इथून जवळच्या साउथ पिट्सबर्ग गावात 1896 पासून बिडाची भांडी ओततात, आणि 1997 पासून तिथं कॉर्नब्रेडचा उत्सवही भरतो. कढईत तेल चांगलं तापवायचं, मिश्रण पडताच चर्र आवाज यायला हवा, तरच खालून ज्वारीच्या भाकरीसारखा खरपूस पापुद्रा धरतो. मग कढई ओव्हनमध्ये ठेवून पाव भाजायचा. ओव्हन नसला तर माळ्यावरचा आजीचा बिडाचा तवा काढा. खोलगट आहे, झाकण ठेवून मंद गॅसवर होईल, एकदा उलटायचा.

मक्याच्या प्रथिनांत जे घटक कमी पडतात ते घेवड्यात असतात, आणि घेवड्यात कमी पडणारे मक्यात. दोन्ही एका ताटात आलं की बाबांच्या डॉक्टरांची तक्रार राहणार नाही. बाबा, तुम्ही पाव रश्शात बुडवून पाच मिनिटं थांबा, म्हणजे दातांना काही कामच उरणार नाही.

तिसऱ्या दिवशी उरलेला घेवडा आटवून त्यावर कांदा-कोथिंबीर घाल, आई, भाकरीबरोबर छान लागतो. रविवारी फोन करते तेव्हा वाघ्याला किती शिट्ट्या लागल्या ते सांग, मी इथं वहीत लिहून ठेवते.

तुमची,
ताई