वेगळ्या ताटाविषयी

चि. मंगेश यास अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू फोनवर सांगितलेस की, खोलीतल्या जोडीदाराच्या बॅगेत तुला गोळ्यांची बाटली दिसली, तिच्यावरचे नाव मोबाइलवर शोधल्यावर ते एचआयव्हीचे औषध असल्याचे कळले, आणि त्या दिवसापासून तू आपले ताट-पेला वेगळा धुऊन कपाटात कुलूप लावून ठेवतोस. बोलण्याच्या ओघात त्याचे नाव आणि गावही सांगून गेलास. ३१ वर्षे ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळलेल्या माणसाच्या मुलाने असे वागावे, याचा मला आधी राग आला; मग लक्षात आले की या विषयावर मी घरात कधी चकार शब्द काढलेला नाही. त्याला एक कारण आहे, ते पुढे लिहितो.

आधी ताटाचे. हा विषाणू फार नाजूक असतो. शरीराबाहेर, उघड्या हवेत तो फार काळ टिकत नाही. रक्त, वीर्य, योनिमार्गातील व गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध यांतूनच तो दुसऱ्याकडे जातो. निरोधाशिवाय शरीरसंबंध, एकाची सुई दुसऱ्याने वापरणे, दूषित रक्त चढवणे, आणि गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना आईकडून बाळाला, एवढेच त्याचे रस्ते आहेत. लाळ, घाम, एका ताटात जेवणे, एकाच संडासात जाणे यांनी तो लागत नाही. आपल्या भागाने हत्तीरोग आणि हिवताप दोन्ही पाहिल्यामुळे लोक डासाबद्दल हमखास विचारतात. हत्तीरोगाची अळी डासाच्या अंगात वाढते आणि तो चावतो तेव्हा त्याच्या सोंडेतून बाहेर पडते. हा विषाणू मात्र डासाच्या पोटात वाढत नाही, पचून जातो, आणि डास आधी प्यालेले रक्त दुसऱ्याच्या अंगात सोडतही नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या लेकरांचे आईबाप रक्त चढवायला घाबरत, त्यांना मी सांगत असे की दात्याच्या रक्ताची एचआयव्हीसाठीची तपासणी १९८९ पासून सक्तीची आहे आणि पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे.

आता तो शरीरात काय करतो ते नीट समजून घे, कारण तुझी निम्मी भीती न समजल्याची आहे. आपल्या गावात पूर्वी कोतवाल दवंडी देई. तो स्वतः चोर पकडत नसे की आग विझवत नसे, पण त्याच्या हाकेवाचून कोणी घराबाहेर पडत नसे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सीडी-४ नावाच्या पेशी आहेत, त्यांचे काम असेच. जंतू शिरला की त्या इतर पेशींना कामाला लावतात. कोणी प्रतिद्रव्ये तयार करते, कोणी बाधित पेशी मारते. एचआयव्ही नेमका या कोतवालालाच धरतो. पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी-४ या प्रथिनाला चिकटून तो आत शिरतो, स्वतःचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती, डीएनएच्या रूपात उतरवतो आणि तो डीएनए पेशीच्या डीएनएत जोडून टाकतो. त्यानंतर ती पेशी आपल्याच खर्चाने त्याच्या प्रती काढत बसते.

गुलाबी बोंडअळी तू वावरात पाहिली आहेस. बोंड बाहेरून हिरवेगार, टणक असते. फोडल्यावर कळते की आत सरकी खाल्ली गेली आहे. या आजाराचेही तसेच आहे. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठते आणि आपोआप जाते. त्यानंतर उपचार नसले तरी माणूस बहुधा आठ-दहा वर्षे धडधाकट दिसतो, शेतीची कामे करतो, लग्न करतो. आत मात्र निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तामागे ५०० ते १५०० असणाऱ्या सीडी-४ पेशी घटत जातात. त्या २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. मग कोतवालच नसल्याने, एरवी शरीर सहज दाबून ठेवते ते जंतूही वर येतात. त्यांतला मोठा मारेकरी क्षयरोग.

औषधाची गोष्टही बोंडअळीसारखीच आहे. फवारा बोंडाच्या आत पोहोचत नाही, आणि म्हणूनच कृषी खाते दरवर्षी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी राखलेली कपाशी, ठेवू नका म्हणून सांगते. काही अळ्या सरकीत निजून राहतात आणि पुढच्या हंगामात उठतात. विषाणूही काही पेशींत निजून राहतो. गोळ्या त्याची वाढ थांबवतात, निजलेल्याला काढू शकत नाहीत. म्हणून त्या रोज आणि जन्मभर घ्याव्या लागतात. एकच विष फवारत राहिले की कीड त्याला दाद देईनाशी होते, हे तुला ठाऊक आहे. त्यासाठीच एका गोळीत तीन औषधे एकत्र दिलेली असतात. ती नियमित घेतली तर साधारण सहा महिन्यांत रक्तातले विषाणू तपासणीतही सापडणार नाहीत इतके कमी होतात, आणि ते तसेच दबलेले असतील तोवर त्या माणसाकडून शरीरसंबंधातूनसुद्धा लागण होत नाही. मग ताटाची काय कथा! ज्या बाटलीला तू घाबरलास, ती तो स्वतःला सांभाळत असल्याची खूण आहे.

आता ते कारण लिहितो. १९९९ मध्ये आपल्या गावच्या एका ट्रक ड्रायव्हरचा अहवाल जिल्ह्याहून बंद पाकिटात आला आणि माझ्या टेबलावरून डॉक्टरांकडे गेला. त्या संध्याकाळी पानठेल्यावर एका मित्राने त्याच्या खोकल्याचा विषय काढला, आणि मी बोलून गेलो. एकच वाक्य होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते गावभर झाले. त्याची बायको हातपंपावर पाणी भरून गेली की पुढची बाई दांडा राखेने घासून घेई. हे मी आमच्या ओट्यावरून कित्येकदा पाहिले आणि उठून खाली गेलो नाही. २००१ मध्ये तो क्षयाने गेला. सरकारने मोफत औषधे सुरू केली ती १ एप्रिल २००४ ला. ती बाई दोन लेकरांना घेऊन माहेरी निघून गेली, ती परत आली नाही. ती बातमी कोणाच्या तोंडून फुटली, हे तिला कधी कळले की नाही, हे मला माहीत नाही.

आता २०१७ चा कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या आजारावरून नोकरीवरून काढणे किंवा राहती खोली नाकारणे त्याने बेकायदेशीर ठरवले आहे, आणि विश्वासाच्या नात्याने कळलेली गोष्ट संमतीशिवाय उघड करण्यासही मनाई केली आहे. तू कायद्याच्या कचाट्यात सापडशील, म्हणून हे लिहीत नाही. तुझी आई शेजारी बसली होती आणि फोन मोठ्या आवाजावर होता. मी तिला ते नाव विसरायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मले त काही ऐकूच नाही आलं." घरमालकाच्या किंवा कंपनीतल्या कोणाच्या कानावर तू घातले नसशील, अशी आशा आहे; घातले असशील तर मला मोकळेपणाने सांग, कारण मग काय करायचे ते ठरवावे लागेल. त्याच्याकडे मात्र तू आपण होऊन हा विषय काढू नकोस. ताट तेवढे कपाटातून बाहेर काढ.

आणखी एक. त्याची तपासणी झालेली आहे. तुझी झालेली नाही. सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ती फुकट होते. बोटातून किंवा शिरेतून थोडे रक्त घेतात. पट्टीवर एक रेघ उमटते ती पट्टी चालते आहे हे सांगणारी, दुसरी उमटली तर पुढे वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या करतात आणि तिन्हींत दोष निघाल्याशिवाय लागण झाल्याचे सांगत नाहीत. अलीकडच्या तीन महिन्यांतली लागण कधी कधी या चाचणीत दिसत नाही, तेव्हा समुपदेशकाला तारखा खऱ्या सांग. केंद्राचा पत्ता १०९७ या मोफत क्रमांकावर मिळतो. लग्नाची बोलणी दिवाळीनंतर सुरू होतील, त्याआधी जाऊन ये. निकाल मला कळवलाच पाहिजे असे नाही.

तुझा,
बाबा