पीस कोअरला निघण्याआधी

चि. रोहनला अनेक आशीर्वाद.

मी आणि बाबांनी पीस कोअरमधून, म्हणजे स्वयंसेवकांना परदेशात कामाला पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेतून, जायचं ठरवलंय. त्यावरचा "या वयात कशाला?" हा तुझा प्रश्न आधी निकालात काढते. पीस कोअरला खालची वयोमर्यादा १८ आहे, वरची नाहीच. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ साली, ६८ वर्षांच्या असताना, याच संस्थेतून विक्रोळीला गेल्या. नर्स असूनही त्यांना काम मिळालं कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं. मन रमलं ते गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात. नेमणुकीच्या कागदावरचं काम एक आणि लोकांना हवं असलेलं दुसरं, असं होतंच. निवृत्त माणसाला ते जरा जास्त झोंबतं, कारण आपण सांगायचं आणि इतरांनी ऐकायचं ही सवय हाडीमाशी मुरलेली असते.

एकूण मुदत २७ महिने. त्यातले पहिले तीन प्रशिक्षणाचे: स्थानिक कुटुंबात राहायचं आणि भाषा शिकायची. ऐकायला कमी येत असेल तर श्रवणयंत्राचं काम निघण्याआधीच उरकावं, नाहीतर नव्या भाषेतले उच्चार निसटतात आणि दोष वयाला जातो. शाळेत नेमणूक झाली तर पहिल्या सहामाहीत नवी योजना काढूच नये. तिथल्या शिक्षकाबरोबर वर्गात उभं राहावं, तो मागेल ती मदत करावी. पाहुण्यानं एकट्यानं उभारलेलं वाचनालय तो परतला की कुलूपबंद होतं. किल्ली पुढे कोणाकडे राहणार हे पहिलं पुस्तक मांडण्याआधी ठरायला हवं. पीस कोअर रिस्पॉन्स या त्याच संस्थेच्या छोट्या मुदतीच्या कार्यक्रमात ३ ते १२ महिन्यांची कामं असतात, पण ती नेमकं कौशल्य मागणारी. आयुष्याला नवं काम शोधणाऱ्यानं लांबची मुदतच घ्यावी, असं माझं मत.

अर्जाला शुल्क नाही. प्रवास, राहणं, औषधोपचार संस्थेकडे. भत्ता मात्र तिथल्या शेजाऱ्यांसारखं राहता येईल एवढाच. (भारतात हा कार्यक्रम १९७६ पासून नाही, तेव्हा तिथे जाता येईल का हे विचारू नकोस.)

खरी चाळणी वैद्यकीय मंजुरीची. चालू असलेलं एकही औषध लपवायचं नाही, कारण कोणत्या देशात पाठवायचं हे त्याच फायलीवर ठरतं. डोस नुकताच बदलला असेल तर आजार स्थिर असल्याचा पुरावा मागतात. दातांची अर्धवट कामं आधी पुरी करावी लागतात. जोडप्यातल्या प्रत्येकाची मंजुरी वेगळी; एकाची अडली की दोघांचं एकत्र जाणं अडतं. बरोबर तीन महिन्यांची औषधं आणि चष्म्याचे दोन जोड. कमोडला सोकावलेल्या गुडघ्यांची उकिडवं बसण्याची परीक्षा घरीच घेतलेली बरी. तिथे आजारी पडून उपचारासाठी बाहेर हलवलं आणि ४५ दिवसांत बरं होऊन परत जाता आलं नाही, तर सेवा संपते.

म्हणून घर दोन वर्षांच्या पक्क्या कराराने भाड्यानं देऊ नये. मार्च २०२० मध्ये जगभरातले सगळे, ७,००० च्या वर स्वयंसेवक, एकदम परत आणले गेले. करारात दोन महिन्यांच्या नोटिशीचं कलम घालून घे.

आता तुझ्या वाटणीचं. मुखत्यारपत्र वकिलाकडून केलं तरी बऱ्याच बँका स्वतःचा फॉर्म मागतात, तो वेगळा भरायचा. सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे सरकारी पेन्शनचं, कार्यालय मुखत्यारपत्र मानत नाही, तेव्हा आमची ऑनलाइन खाती जाण्याआधी चालू हवीत. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर बंद करू नकोस. परदेशात माणूस अडकतो तो बहुधा इथेच. मुदत संपत आलेली कार्डं आधीच बदलून घ्यायची. बाबा ७३ चे झाले की आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यातून दरवर्षी ठरलेली किमान रक्कम काढावीच लागते. राहिली तर न काढलेल्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत दंड. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) हप्ता वाचवायला बंद करण्याआधी, परत घेताना दंड लागेल का याचं उत्तर लेखी घ्यायचं, कारण उशिरा परत घेतलं तर दंड हप्त्याला कायमचा चिकटू शकतो.

रविवारी येशील तेव्हा ओळखपत्र आण. बँकेच्या फॉर्मवर तुझी सही आमच्यासमोर आणि नोटरीसमोर व्हायला हवी. आणि गाडीच्या विम्याचं काय करायचं तेही विचारून ये.

तुझी,
आई