बुधली हाती देणाऱ्या मामांना

मामा, रामराम.

लोकसंगीताचं क्षेत्रकार्य शिकणाऱ्या आमच्या लेकरांना तुम्ही नवसाच्या गोंधळात रात्रभर सामावून घेतलंत. तोंडी आभार मानून झाले, पण तेवढ्यानं भागेना, म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

तुमच्याआधी जाणकार म्हणवणारे येऊन गेले होते. त्यांनी लेकरांच्या हाती छापील प्रश्नावली ठेवली. भर दुपारी, ना देवीपुढे मांडलेला चौक, ना दिवटी, कलाकारांकडून दहा मिनिटांचा 'नमुना' करून घेतला. असा मागवलेला नमुना आटोपशीर नि घाईचा होतो. नायक, म्हणजे मुख्य गोंधळी, आणि साथीदाराची थट्टामस्करी त्यात गळतेच, कारण हसायला यजमानाचं घरच नसतं. वर रेकॉर्डर संबळाच्या पुढ्यात, तोही ऑटो लेव्हलवर, म्हणजे आवाजाची पातळी यंत्रानंच आपोआप कमी-जास्त करायची! मग प्रत्येक ठोक्याला गाणं दबतं, मधल्या फटीत तुणतुणं फुगतं आणि आख्यानाचा शब्द हाती लागत नाही. कॅमेरा फेट्यावर खिळलेला, पाय चौकटीबाहेर. नृत्याचा अभ्यास म्हणे.

तुम्ही एकच केलंत. कोपऱ्यात वही घेऊन अवघडलेल्या लेकराला जवळ बोलावलंत, तेलाची बुधली हातात दिलीत आणि म्हणालात, "दिवटी मंदावली की घालत जा. लिहिणं मागून."

मामा, त्या बुधलीनं जे शिकवलं ते आमच्या वर्गात जमलं नव्हतं. संशोधकानं ते संगीत स्वतः वाजवायलाही शिकावं, हा आग्रह अमेरिकन संगीत-संशोधक मॅन्टल हूड यांनी १९६० साली मांडला. आम्ही तो फळ्यावर लिहितो. पण नवख्याला पहिल्याच रात्री संबळ कोण देणार? बुधली देता येते. तेल घालणाऱ्याला चौकाजवळ उभं राहावं लागतं, तिथून नायकाची पावलं आणि संबळवाल्याची नजर एकाच वेळी दिसते. कथा कुठे थांबते, गाणं कुठे उचलतं, हे त्याला कळावंच लागतं. नाहीतर ऐन भरात दिवटी विझायची. हात गुंतले की बघणाऱ्याचं अवघडलेपण जातं आणि घरच्यांनाही तो परका वाटत नाही. टिपणं मात्र उजाडताच, झोपेआधी लिहायची. झोप झाली की क्रम विसरतो.

यंत्रांचीही सोय तुम्हीच लावलीत. रेकॉर्डर संबळापासून दोन-तीन मीटर दूर, गाणाऱ्याच्या बाजूला. लेव्हल हातानं लावायची, सर्वांत मोठा ठोका रेकॉर्डरच्या मापावर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी. ती तपासायला तुम्ही सुरुवातीलाच संबळाची दोन्ही तोंडं वेगवेगळी वाजवून दिलीत, त्यामुळे त्यांचे स्वरही नोंदले गेले. कॅमेरा तिपाईवर, डोक्यापासून पावलांपर्यंत, झूम बंद.

दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून चित्रण दाखवलं, तर तुम्ही नुसत्या पावलांवरून कडवं सांगितलंत. प्रश्नावलीतल्या एकाही प्रश्नाला असं उत्तर मिळालं नसतं. परवानगीचंही तुम्हीच उलगडून सांगितलंत: रेकॉर्ड करा, वर्गात ऐकवा, पण देवांच्या आवाहनाचा भाग मोबाइलवर फिरवू नका. तीन वेगळ्या गोष्टी, प्रत्येकीचा होकार-नकार वेगळा. आम्ही एकाच कागदावर एकच सही घेत होतो.

तुमच्या साथीदारांचंही कौतुक करायला हवं. नवखा दिसला की आधी सरकून जागा द्यायची, नाव-गाव नंतर विचारायचं, ही त्यांची रीत. शिकलेल्यांच्या बैठकीत आधी ओळखपत्र बघतात.

पेन ड्राइव्ह पाठवतो आहे. मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचं आहे, तासाला सुमारे १ जीबी. मोबाइलवर ते जड जाईल, म्हणून सोबतच्या मेमरी कार्डावर एमपी३ प्रती आहेत. आधीच्या मंडळींनीही प्रती कबूल केल्या होत्या, त्या अजून यायच्या आहेत. साथीदारांच्या नावांची यादी जोडली आहे. कुणाचं नाव, वाद्य किंवा गाव चुकलं असेल तर फोनवर सांगा; वर्गात ऐकवण्याआधी दुरुस्त करतो.

तुमचा,
लेकरांचा मास्तर