फिकट हिरव्या वायरबद्दल कोणी विचारत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडीत बसवायचा व्हिडिओवाला स्टिरिओ कसा निवडावा, हा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. वाचून झाल्यावर बायकोला म्हणालो, "यांनी डबा फक्त समोरून बघितलाय." पडदा किती इंची, टच किती हलका, आयकॉन कसे सुबक, यावर तीन परिच्छेद आहेत आणि डब्याच्या मागून वायरींची जी शेपटी निघते तिच्यावर एक ओळही नाही. मी सव्वीस वर्षं ती शेपटी जोडत आलो आहे. कॅसेटवाल्या डब्यांपासून सुरुवात केली, मग सीडी आली, डीव्हीडी आली, आणि आता ज्यात काहीच घालावं लागत नाही असे नुसत्या पडद्याचे डबे आले. त्यामुळे चार गोष्टी लिहाव्यात असं वाटलं. (आम्ही फिटर लोक याला डबाच म्हणतो, तेव्हा पुढेही तोच शब्द येईल.)

आधी माप. डॅशमधल्या खणाची मापं ठरलेली आहेत. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे १८० बाय १००. डिन ही जर्मन मानकांची संस्था, तिच्यावरून हे नाव पडलं. पण ही मापं तोंडाची झाली. खोली गाडीगाडीप्रमाणे बदलते, आणि खरा घोळ तिथेच होतो. खणाच्या मागे एसीची नळी आडवी गेलेली असते, कुठे लोखंडी पट्टी असते. डिस्क घालायची सोय असलेला डबा लांब असतो. तो मागे टेकला की वायरी कोंबाव्या लागतात, आणि कोंबलेली वायर कधी ना कधी सोलते. तुम्ही डीव्हीडी लावतच नसाल तर बिनडिस्कचा डबा घ्या, तो आखूड असतो. डीव्हीडीबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

नऊ-दहा इंची पडदा कोणत्याही गाडीत बसतो, असं लेखात आहे. बसतो, म्हणजे बसवता येतो. त्यासाठी त्या गाडीची फ्रेम लागते, आणि फ्रेम नसेल तर खणाबाहेर तरंगणारा पडदा लावतात. तो पुष्कळदा एसीच्या झडपांसमोर येतो. एकदा एका गाडीत चारी इंडिकेटर एकदम लावायचं बटणच त्याच्यामागे गेलं होतं. गाडी रस्त्यात बंद पडल्यावर मालकाला ते आठवलं.

पडद्याचे इंच मोजण्यापेक्षा ठिपके मोजा. ८०० बाय ४८० म्हणजे पावणेचार लाखांच्या वर ठिपके, १२८० बाय ७२० म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास. तोच सात इंची पडदा, पण नकाशावरची बारीक अक्षरं एकावर फुटतात आणि दुसऱ्यावर स्वच्छ दिसतात. शिवाय डबा दुकानातल्या दिव्याखाली बघून घेऊ नका. दुपारच्या उन्हात काचेजवळ नेऊन, तिरक्या कोनातून बघा. आणि रात्रीचं विसरू नका. डब्याला एक नारिंगी वायर असते, ती गाडीच्या दिव्यांना जोडायची असते. हेडलाइट लावले की पडदा आपोआप मंद होतो तो तिच्यामुळे. घाईत काम उरकणारा फिटर ती तशीच टेप गुंडाळून सोडून देतो, आणि गिऱ्हाईक वर्षभर रात्री डोळे बारीक करून गाडी चालवतं.

आता वॉट. इथे मला थोडं थांबायचंय, कारण लेखात ५० वॉट गुणिले ४ म्हणजे २०० वॉट असा हिशेब सरळ मांडला आहे. खोक्यावर छापलेलं असतं, हे खरं. पण इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात, आणि डब्यातली ॲम्पची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची, चिप त्यातूनच काम करते. स्पीकरपर्यंत फार तर १० व्होल्ट पोचतात. स्पीकर चार ओहमचा असतो. दहा गुणिले दहा भागिले चार, म्हणजे २५ वॉट, आणि तेही आवाज फाटायच्या सीमेवर. प्रत्यक्षात वीसेक धरा. खोक्यावरचे ५० हे क्षणभराच्या शिखराचे असतात, तर सतत मिळणारे वॉट आरएमएस या नावाने आतल्या पत्रकात बारीक अक्षरांत असतात. पटत नसेल तर डबा उलटा करा आणि मागचा फ्यूज बघा. बऱ्याच डब्यांना १० अँपिअरचा असतो. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॉट. एवढेच आत जातात, त्यातले काही पडदा खातो आणि बरेचसे उष्णता होऊन जातात. मग बाहेर सतत २०० कुठून येणार?

म्हणून आवाजाची हौस असेल तर डब्याचे वॉट बघू नका, मागे ॲम्पसाठी पिनांच्या किती जोड्या बाहेर काढल्यात ते बघा. पुढचे, मागचे आणि वूफर अशा तीन जोड्या असतील, आणि त्या दोनऐवजी चार व्होल्टच्या असतील, तर उद्या वेगळा ॲम्प लावता येतो. ॲम्प लावायचाच नसेल तर स्पीकर जास्त डेसिबलचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत मोठा वाजणारा, निवडा. ९० च्या जागी ९३ चा स्पीकर घेतला तर ॲम्पची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पडतो. डबा तोच राहतो.

व्हिडिओचं पुढचं दुखणं मात्र सगळ्यांचंच आहे. "आवाज येतो, चित्र येत नाही," असं म्हणत आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येतं. डबा बिघडलेला नसतो. एमपीफोर हे नुसतं पाकीट आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, ते महत्त्वाचं. एच.२६४ बहुतेक डबे उलगडतात, एच.२६५ बरेच डबे उलगडू शकत नाहीत. मग पडदा काळा राहतो आणि गाणं वाजत राहतं. दुसरं म्हणजे, मोठा पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतो, डब्याला मात्र फॅट३२ हवं असतं (ड्राइव्हवर फायली मांडायच्या या दोन पद्धती). आणि फॅट३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तेव्हा घेण्याआधी आपला स्वतःचा पेन ड्राइव्ह, आपल्याच फायली भरून, दुकानात लावून बघा. दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर सगळं चालतंच, तो त्यासाठीच भरलेला असतो.

फोन जोडणाऱ्यांचा एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो आहे म्हणजे फोनवरचा सिनेमा गाडीच्या पडद्यावर येईल, असं नाही. नकाशा, गाणी, फोन, निरोप यांसाठी ती व्यवस्था आहे, आणि गाडी चालू असताना व्हिडिओ येऊ नये ही तिच्यातली उणीव नसून तशी ती मुद्दाम केलेली आहे.

आता त्या हिरव्या वायरीकडे येतो. तिच्यासाठीच हे पत्र आहे.

व्हिडिओ दाखवणाऱ्या डब्याच्या शेपटीत एक फिकट हिरवी वायर असते. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची. हँडब्रेक ओढला की तो स्विच वायरीला अर्थिंग देतो, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी जोडतो, डब्याला कळतं की गाडी उभी आहे, आणि चित्र सुरू होतं. ब्रेक सोडला की चित्र बंद, आवाज चालू. एवढं साधं आहे. आणि हँडब्रेकपर्यंत वायर न्यायची म्हणजे मधला कन्सोल उघडावा लागतो, वीस मिनिटं जातात. त्यामुळे जवळपास सगळे फिटर काय करतात? हिरवी वायर तिथेच डॅशच्या मागे लोखंडाला लावून टाकतात. डब्याला वाटतं, गाडी जन्मभर उभीच आहे. काही डबे जरा हुशार असतात, ब्रेक सोडून पुन्हा ओढल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. त्यांना फसवायला काडेपेटीएवढंही नसलेलं एक छोटं यंत्र मिळतं. आणि अँड्रॉइडवाल्या बऱ्याच डब्यांत तर वायरीचीही गरज नाही. सेटिंगमध्ये एक खूण केली की झालं.

मी हे केलेलं आहे. शेकड्यांनी केलंय, लपवत नाही. गिऱ्हाईक विचारायचंसुद्धा नाही, ते गृहीतच असायचं. मग चार वर्षांपूर्वी एका गाडीचं काम आलं. रेस वाढवली की पडद्यावर आडव्या रेघा सरकायच्या आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची. अर्थिंगचा घोळ होता. डब्याचं अर्थिंग एका जागी केलेलं, ॲम्पचं दुसऱ्या जागी. दोन्ही एकाच बोल्टला आणले आणि मालकाला शेजारी बसवून ट्रायलला निघालो. रेघा गेल्या की नाही ते चालत्या गाडीतच कळणार, म्हणून एक गाणं लावलं होतं. रेघा गेल्या होत्या. मी खूश होऊन बघत होतो, रंगही छान आले होते. मान वर केली तर पुढची गाडी थांबलेली. ब्रेकवर उभा राहिलो. दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा उरली असेल. मी शेजारी बघितलं, तर मालक दचकून समोर बघायला लागले होते. त्यांनीही पुढची गाडी बघितलीच नव्हती. चार डोळे होते गाडीत, आणि चारही त्या सात इंचांत.

घरी सांगितलं तेव्हा मुलीने हिशेब करून दाखवला. ताशी ६० किलोमीटरने दोन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने २०१३ साली गाडीतल्या पडद्यांसाठी सूचना काढल्या. चालकाला एका नजरेत दोन सेकंदांहून जास्त रस्त्यावरून डोळे काढावे लागू नयेत, असं त्यांत आहे, आणि चालत्या गाडीत चालकासमोर सिनेमासारखा व्हिडिओ नकोच, असंही आहे. मी त्या दिवशी किती सेकंद बघत होतो, मोजलेलं नाही. गाण्याचं एक कडवं झालं होतं.

तेव्हापासून मी हिरवी वायर लोखंडाला लावत नाही. हँडब्रेकच्या स्विचपर्यंतच नेतो. गिऱ्हाईक भांडतं. "सगळीकडे करून देतात" म्हणतं. खरंच करून देतात, दोन वळणं सोडून पुढच्या दुकानात जाऊन करून घेतात, हेही मला माहीत आहे. माझं थोडं काम गेलंय. पण बहुतेक माणसांना विचारलं, की चालत्या गाडीत व्हिडिओ नक्की कोणाला बघायचाय, तर उत्तर एकच येतं, "मागे मुलं असतात." मग चालकासमोरचा पडदा कशाला लढवायचा? मागच्या बाजूला व्हिडिओ बाहेर काढायची पिवळी पिन असलेला डबा घ्या, पुढच्या सीटच्या मागे छोटे पडदे लावा. दोन झोन असलेल्या डब्यात पुढे नकाशा चालतो आणि मागे कार्टून, दोन्ही एकाच वेळी. ही सोय आहे की नाही, हे डबा घेतानाच बघावं लागतं, नंतर जोडता येत नाही. माझ्या मते व्हिडिओच्या डब्यात सगळ्यात आधी तपासायची गोष्ट हीच, आणि आपल्या लेखात तिचा उल्लेख नाही. फक्त मागचे पडदे फार खाली लावू नका. मान खाली घालून बघणाऱ्या मुलांना लवकर मळमळतं, कारण डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानाच्या आतल्या भागाला मात्र वळणं कळत असतात. मागच्या सीटचं कव्हर धुण्याचा अनुभव मलाही आहे.

मागच्या कॅमेऱ्याबद्दल एकच सांगतो. डबा दाखवताना दुकानदार तो आधीपासून चालू ठेवतो. तुम्ही बंद करायला लावा, मग चालू करा आणि लगेच रिव्हर्स घाला. काही डबे आधी कंपनीचं चिन्ह फिरवत बसतात आणि तुम्ही अर्धी गाडी मागे घेतल्यावर चित्र देतात. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र आलंच पाहिजे, असा नियम आहे. बाहेरून घेतलेल्या डब्यालाही हीच कसोटी लावायला काय हरकत आहे?

नाव छापू नये, ही विनंती. जुन्या गिऱ्हाइकांपैकी कोणी वाचलं, तर आपली हिरवी वायर कुठे लावली असेल, असा प्रश्न त्यांना पडेल. ज्यांना पडेल त्यांनी जरूर यावं. सोडवून स्विचला जोडून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
एक वाचक, स्टिरिओ फिटर

ता. क. : गाडी बंद केली की डबा सगळी स्टेशनं आणि घड्याळ विसरतो, अशी तक्रार असणाऱ्यांसाठी : डबा बदलू नका. पिवळी वायर कायम बॅटरीवर हवी आणि लाल वायर चावीवर. तुमच्याकडे बहुधा या दोन उलट लागल्या आहेत. पाच मिनिटांचं काम आहे, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर मात्र काढायला सांगा.