ॲल्युमिनाच्या तंतूविषयी

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

भट्टीच्या अस्तरातली साधी सिरॅमिक लोकर वितळलेल्या रसातून काढतात, मग ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, का नाही, हा तुझा प्रश्न रास्त आहे. ॲल्युमिना वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते, हे एक कारण. पण खरी अडचण अशी की तो रस इतका पातळ असतो की तार धरण्याआधीच त्याचे थेंब होतात. म्हणून ॲल्युमिनाच्या बाबतीत आधी द्रावणातून तंतू ओढतात आणि मग त्याचे सिरॅमिक करतात.

ॲल्युमिनियमच्या क्षारकीय क्लोराइडच्या द्रावणात थोडी सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) आणि पाण्यात विरघळणारे पॉलिमर मिसळून ते आटवतात. पाक एकतारी झाला की नाही हे आपल्या घरी जसे दोन बोटांत पाहतात, तशीच ही पारख असते: पातळ राहिले तर गोळ्या पडतात, फार आटले तर बारीक छिद्रे तुंबतात. माझ्या मते मालाची निम्मी प्रत इथेच ठरते. छिद्रांतून निघालेली धार वेगवान हवेच्या झोताने ताणली जाते. त्या हवेतली आर्द्रतासुद्धा सांभाळावी लागते, नाहीतर तार ताणण्याआधीच सुकते.

मग भाजणी, आणि तीही सावकाश. पाणी, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि जळणारे पॉलिमर घाईने बाहेर पडले, तर तंतू सच्छिद्र होऊन तडकतो. पुढे तापमान चढते तसे स्फटिक वाढतात आणि तंतू ठिसूळ होऊ लागतो. ती वाढ रोखण्यासाठीच सुरुवातीची सिलिका असते. ब्रिटनमधील आयसीआय कंपनीने 1970च्या दशकात आणलेल्या ‘सॅफिल’ या ॲल्युमिना तंतूमध्ये ती चार-पाच टक्क्यांच्या आसपास असून तंतूची जाडी सुमारे 3 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते.

झिर्कोनियाचे, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडचे, तंतू करण्याची रीत मला अधिक देखणी वाटते. रेयॉनचे कापड झिर्कोनियमच्या क्षारात भिजवून, वाळवून जाळतात. कापड जाते, वीण ऑक्साइडच्या रूपात उरते. पेट्रोमॅक्सचे मेंटल याच जातीचे. 1891 मध्ये ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ आउअर फॉन वेल्सबाख यांनी त्यासाठी 99 टक्के थोरिया (थोरियमचे ऑक्साइड) आणि 1 टक्का सेरिया (सेरियमचे ऑक्साइड) हे प्रमाण बसवले होते.

आता तुझ्या कामाचे. साधी सिरॅमिक लोकर फार तापून जुनी झाली की तिच्यात क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकेचे फुप्फुसांना घातक स्फटिकरूप, तयार होते, आणि 3 मायक्रॉनहून बारीक तंतू थेट फुप्फुसात उतरतात. जुने अस्तर उचकटताना ते आधी ओले करून घे आणि माणसांना योग्य मास्क दे. तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर