नावडले तर तसे सांगू द्या

‘चित्रपट आवडला नसेल तर गप्प बसावे’ असा सल्ला देणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. तो मुळीच पटला नाही. शेकडो लोकांच्या मेहनतीचा मान ठेवावा, हे खरे. पण प्रेक्षकही दोन-अडीच तास जीव ओतून बसलेला असतो. अलीकडे पाहिलेल्या एका चित्रपटात अपघातात गेलेल्या मुलाच्या शर्टाची घडी त्याची आई घालते, मोडते, पुन्हा घालते. त्या अभिनेत्रीचे नुसते हात सगळे सांगत होते. तेवढ्यात व्हायोलिनचा असा कल्लोळ उठला की प्रसंग पार बुडाला. मला राग आला, आणि तो या कलेवरच्या प्रेमापोटीच आला. दिग्दर्शक हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ हा चित्रपट १९५८मध्ये आला तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. २०१२मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपटविषयक नियतकालिकाने सर्वोत्तम चित्रपट ठरवण्यासाठी घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तोच पहिला आला. मत चुकते, बदलतेही. मात्र ते कारणासह मांडलेले असेल, तरच त्यावर वाद घालता येतो. चित्रपटाला नुसते तारे (स्टार रेटिंग) देणे मलाही मान्य नाही. लेखकाने आक्षेप घ्यायचाच तर त्या ताऱ्यांवर घ्यावा.

– एक चित्रपटप्रेमी वाचक